गर्भारपणातील फ्लूची लस : निर्धास्त कशाच्या आधारावर व्हावे?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रसूती व स्त्रीरोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या कामाचा आढावा आणि जमाखर्चाचा ताळेबंद आपणासमोर मांडून झाला आहे. त्यानंतर आरोग्याच्या एखाद्या विषयावर चार शब्द सांगण्याची संधी विश्वस्तांनी आमच्या विभागाला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. विषय निवडताना फार शोध घ्यावा लागला नाही. उन्हाळा सरत आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. गर्भार मुलीबरोबर आलेली आई किंवा सासूबाई विचारतात, “डॉक्टर, फ्लूची लस म्हणे घ्यायची. पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना?”

हा प्रश्न अज्ञानातून येत नाही. तो मायेतून आणि जबाबदारीतून येतो. म्हणून “काही होत नाही हो” असे म्हणून तो उडवून लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्याला पुराव्यासह उत्तर मिळाले पाहिजे. आजचे बोलणे त्या उत्तरासाठी आहे.

प्रथम रोगाविषयी. सर्दी-पडसे आणि फ्लू हे दोन वेगळे आजार आहेत. फ्लू, म्हणजे इन्फ्लुएन्झा, हा फुप्फुसांपर्यंत उतरू शकणारा विषाणूचा संसर्ग आहे. १९१८ साली याच रोगाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असे एकच दशक आहे आणि त्याचे मोठे कारण ही साथ होती.

इतके मागे जाण्याचेही कारण नाही. २००९ चा पावसाळा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी एच१एन१ हा नवा विषाणू जगभर पसरला आणि लोकांच्या तोंडी ‘स्वाइन फ्लू’ हे नाव बसले. भारतातील त्याचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदला गेला. पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रस्त्यावर दिसू लागली. तेव्हा या विषाणूवरची लस उपलब्ध नव्हती. देशात तयार झालेली लस २०१० च्या मध्यास आली, म्हणजे पहिली लाट ओसरल्यानंतर. पुढे २०१५ साली साथीने पुन्हा उचल खाल्ली. त्या एका वर्षात देशात बेचाळीस हजारांवर रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे नऊशे मृत्यू एकट्या महाराष्ट्रातले होते.

या साथीने डॉक्टरांना एक जुनी गोष्ट पुन्हा दाखवून दिली. अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भार स्त्रियांचे प्रमाण साधारण १ टक्का असते. परंतु २००९ च्या साथीत तेथे नोंदलेल्या मृत्यूंमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. १९१८ आणि १९५७ च्या साथींमध्येही गर्भार स्त्रियांना हा रोग अधिक घातक ठरल्याच्या नोंदी आहेत. याची कारणे शरीरातच आहेत. गर्भ वाढतो तसा छातीखालचा पडदा वर ढकलला जातो आणि फुप्फुसांना फुलायला जागा कमी उरते. प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. हृदयावर भार वाढलेला असतो. पोटातील बाळ हे अर्धे पित्याकडून आलेले असल्यामुळे, आईच्या शरीराने ते परके मानून नाकारू नये म्हणून तिच्या प्रतिकारशक्तीची घडीही काहीशी बदललेली असते. अशा वेळी फुप्फुसांत न्यूमोनिया उतरला, तर एक-दोन दिवसांत ती अतिदक्षता विभागात आणि व्हेंटिलेटरवर जाऊ शकते. आईला प्राणवायू कमी पडला की बाळालाही तो कमी पडतो. अकाली प्रसूती किंवा पोटातच बाळ दगावणे, असे प्रसंग त्यातून ओढवतात.

आता लसीकडे वळतो. फ्लूच्या लसी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक नाकात फवारण्याची. तिच्यात दुर्बल केलेले पण जिवंत विषाणू असतात. ती गर्भार स्त्रीला देत नाहीत. दुसरी दंडात टोचण्याची. तिच्यातील विषाणू निष्प्राण केलेले असतात आणि बहुतेक लसींत तर त्यांचे केवळ तुकडे असतात. गर्भार स्त्रीला दिली जाते ती ही टोचण्याची लस. निष्प्राण विषाणू शरीरात वाढू शकत नाही. तो वारेतून पलीकडे जाऊन बाळाला संसर्ग करू शकत नाही आणि आईलाही फ्लू आणू शकत नाही. लस घेतल्यावर दंड दुखतो, एखादा दिवस अंग मोडून येते, कधी हलका ताप येतो. ती प्रतिकारशक्ती जागी झाल्याची खूण असते. तीव्र ॲलर्जी क्वचितच, दहा लाखांत सुमारे एखाद्या व्यक्तीला होते. तेवढ्यासाठी लस घेतल्यावर अर्धा तास थांबवून ठेवण्याची पद्धत आहे. कृपया घाई करून उठून जाऊ नये.

“पण याची परीक्षा गर्भार बायकांवर झाली आहे का?” असे सुशिक्षित घरांतून विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांतून गर्भार स्त्रियांना फार काळ वगळले जात असे. म्हणून लसीच्या खोक्यातील माहितीपत्रकात गर्भारपणाविषयी सावध शब्द छापलेले आढळतात आणि ते वाचून घरचे बिचकतात. फ्लूच्या लसीपुरती मात्र ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून ती गर्भार स्त्रियांना सुचवली जात आहे. आपल्याला जवळचा वाटेल असा पुरावा शेजारच्या बांगलादेशातून आला. ढाका येथे ३४० गर्भार स्त्रियांवर अभ्यास झाला आणि २००८ साली तो प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्या स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत फ्लूची लस दिली आणि उरलेल्यांना दुसऱ्या एका रोगाची. प्रसूतीनंतर सहा महिने बाळांवर लक्ष ठेवले. फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांपैकी ६ जणांना फ्लू झाला आणि दुसऱ्या गटात १६ जणांना. लस आईने घेतली होती, बाळाला टोचलेली नव्हती. तरीही संरक्षण बाळाला मिळाले.

हे कसे घडते? लसीमुळे आईच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ती वारेतून बाळाकडे जातात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हीच शिदोरी बाळाला पुरते. हे महत्त्वाचे अशासाठी की सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्या काळात त्याला आईकडून येणाऱ्या संरक्षणाखेरीज दुसरी लस नाही.

ढाक्यानंतर दक्षिण आफ्रिका, माली आणि नेपाळ येथे हजारो गर्भार स्त्रियांवर असेच अभ्यास झाले. बाळांना मिळालेले संरक्षण कोठे निम्मे आढळले, तर कोठे एक तृतीयांशाच्या आसपास. नेपाळमध्ये कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाणही घटलेले दिसले. म्हणजे ही लस अभेद्य कवच नाही. विषाणू रूप पालटतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरवते आणि तो अंदाज कधी बरोबर येतो, कधी थोडा चुकतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. मात्र होणारा आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता कमी होते. इतके स्पष्ट सांगून मग लस सुचवावी, असे आम्हाला वाटते. शंभर टक्क्यांचे आश्वासन देऊन मिळवलेला विश्वास पहिल्याच अपवादाला तुटतो.

गर्भपाताची भीती सर्वांत खोल असते. तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. गर्भ राहिल्याचे कळल्यानंतरही साधारण शंभरातील दहा ते पंधरा गर्भ पहिल्या काही महिन्यांत आपोआप पडतात. कारण बहुधा गर्भाच्या जडणघडणीतच असते. त्या दिवसांत शंभर स्त्रियांना लस दिली, तर त्यांतील काही जणींच्या वाट्याला हे दुःख लसीशिवायही येणारच होते. परंतु ज्या घरात ते येते, त्या घराला आदल्या आठवड्यातील लसच आठवते. हे मनुष्यस्वभावाला धरून आहे, त्यांना दोष देता येत नाही. म्हणूनच निर्णयासाठी हजारो-लाखोंचा हिशेब पाहावा लागतो.

तसा हिशेब नॉर्वेने केला. २००९-१० च्या साथीतील एक लाख सतरा हजारांवर गर्भारपणांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये पोटातील बाळ दगावण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. ज्या गर्भार स्त्रियांना प्रत्यक्ष फ्लू झाला, त्यांच्यात मात्र ते जवळजवळ दुप्पट आढळले. विरुद्ध बाजूची नोंदही आपल्यापुढे ठेवतो. अमेरिकेतील एका अभ्यासात, २०१७ साली, सलग दोन वर्षे एच१एन१ घटक असलेली लस घेतलेल्या काही स्त्रियांमध्ये लसीनंतरच्या चार आठवड्यांत गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसले होते. अभ्यास लहान होता, तरी त्याच संशोधकांनी तो बाजूला सारला नाही. त्यांनी पुढील तीन हंगामांतील कितीतरी अधिक स्त्रियांच्या नोंदी घेऊन तीच तपासणी पुन्हा केली. २०१९ साली आलेल्या त्या निष्कर्षांत असा संबंध आढळला नाही. शंका आली, ती उघड मांडली गेली आणि मोठ्या तपासणीत ती टिकली नाही. एखाद्या लसीवर विश्वास ठेवावा तो अशा परीक्षांमुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली फ्लूच्या लसीसाठी गर्भार स्त्रियांना सर्वोच्च प्राधान्य द्यावे असे सुचवले. महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या साथीनंतर दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भार स्त्रियांना आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना ही लस मोफत देण्याचा कार्यक्रम सुरू केला. देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात मात्र तिचा समावेश झालेला नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत ही लस म्हणजे काहीतरी नवे, ऐच्छिक आणि श्रीमंतांचे, अशी समजूत आहे.

येथे मला धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करून द्यावीशी वाटते. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत कोणत्याही गावातील आजीबाईंना विचारा. गर्भार सुनेला धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे असते, हे त्यांना सांगावे लागत नाही. एके काळी बाळंतपणानंतर आठवड्याभरात आखडून दगावणारी बाळे गावोगावी असत. आईला लस दिली, प्रसूती स्वच्छ ठिकाणी होऊ लागली, आणि २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. आईला टोचायचे आणि बाळाला वाचवायचे, हेच तत्त्व फ्लूच्या लसीमागे आहे. आपल्या घरांनी ते फार पूर्वीच स्वीकारलेले आहे.

आता आपल्या भागापुरते काही व्यवहाराचे बोलतो. पुणे-नागपूरसह देशाच्या बऱ्याच भागात फ्लू जुलै ते सप्टेंबरमध्ये शिगेला पोहोचतो आणि हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा थोडा डोके वर काढतो. लस घेतल्यापासून प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा मृगाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत लस घेतलेली बरी. कोल्हापूरला याचे आणखी एक कारण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आला तो जुलै-ऑगस्टमध्येच. पुराच्या दिवसांत एका शाळेच्या दालनात अनेक कुटुंबे दाटीने राहतात, ओले कपडे अंगावर असतात आणि दवाखान्याचा रस्ता बंद असतो. फ्लूला याहून सोयीची जागा नाही. तोवर गर्भार लेकीसुनांची लस झालेली असावी. पावसाळ्याआधी राहून गेली, तर नंतरही घेता येते. कोणत्या महिन्यात घ्यावी हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती गर्भारपणाच्या कोणत्याही टप्प्यावर देता येते. शासनाच्या कार्यक्रमात तीन महिने पूर्ण झाल्यावर देण्याची पद्धत ठेवली होती. प्रत्येक गर्भारपणात लस नव्याने घ्यावी लागते, कारण मागील वर्षाचे संरक्षण पुढे टिकत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुलगी सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून निपाणी, बेळगाव किंवा सांगलीकडे जाते आणि तपासणीचा कागद सासरी कपाटात राहतो. मग लस झाली की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. ओटी भरून पाठवणी करताना तिच्या पिशवीत तपासणीचे कार्ड आणि लसीची नोंद आठवणीने ठेवावी, एवढी सासूबाईंना विनंती आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास किंवा पूर्वी एखाद्या लसीने त्रास झाला असल्यास तो आधी सांगावा. या लसीतील विषाणू बहुधा कोंबडीच्या अंड्यात वाढवलेले असतात. शाकाहारी कुटुंबांनी याविषयी संकोच न करता विचारावे, उत्तर खरेच दिले जाईल. त्या दिवशी ताप असेल, तर तो उतरल्यावर यावे.

आणि लस घेतलेली असो वा नसो, गर्भार स्त्रीला ताप, खोकला आणि अंगदुखी झाली तर काढा-वाफाऱ्यावर दोन-तीन दिवस घालवू नयेत. फ्लूवरील गोळी, ऑसेल्टामिविर, लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक गुण येतो. शासकीय सूचनांनुसारही गर्भार रुग्णेला ती तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता दिली जाते. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे, यांपैकी काही दिसले तर रात्र आहे की दिवस हे न पाहता रुग्णालय गाठावे. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या आप्तेष्टांनाही एक सांगणे. सर्दी-ताप असताना बाळ पाहायला जाणे पुढे ढकलावे. बाळंतविडा चार दिवसांनी दिला तरी चालतो.

शेवटी विश्वस्त आणि देणगीदारांसाठी. खाजगी बाजारात या लसीची एक मात्रा साधारण दीड-दोन हजार रुपयांच्या घरात जाते. शेतमजुरी करणाऱ्या किंवा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही अनेक दिवसांची मजुरी आहे. सरकारी केंद्रात लस उपलब्ध असेल, तर आपण रुग्णांना तिकडे पाठवावेच. जेथे नसेल, तेथे आपल्यासारख्या संस्थेने हात द्यावा. ही खरेदी थोडी काटेकोरपणे करावी लागते. लसीचे घटक बदलत असल्याने यंदाची उरलेली मात्रा पुढील वर्षी चालत नाही. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि गोठली तर निरुपयोगी होते. म्हणून वीज गेली तरी चालणारे शीतकपाट, मार्चमध्येच गर्भार स्त्रियांची नावनिशीवार यादी आणि त्या यादीप्रमाणे मागणी, अशा क्रमाने काम व्हावे, असा आमच्या विभागाचा प्रस्ताव आहे. त्याबरोबरच प्रसूतिकक्षातील परिचारिका, आया आणि डॉक्टर यांनीही दरवर्षी लस घ्यावी. जे आपण रुग्णेला सांगतो, ते आपल्याच दंडाला लागू नसेल, तर तिने आपले का ऐकावे?

“बाळाला काही होणार नाही ना?” या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. आजवर लाखो गर्भार स्त्रियांनी ही लस घेतली आहे, आणि तिच्यामुळे बाळाला अपाय होतो असे काळजीपूर्वक केलेल्या मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. फ्लूमुळे आईला आणि बाळाला होणारा अपाय मात्र पुण्यात, महाराष्ट्रात आणि जगभर दिसलेला आहे. दोन्ही बाजू तोलूनच आम्ही लस सुचवतो. तरीही निर्णय त्या स्त्रीचा आणि तिच्या घरचा आहे. शंका असेल तर पुन्हा विचारावे, दहा वेळा विचारावे. आमचा विभाग त्यासाठी बांधील आहे.

 आई अंबाबाईच्या कृपेने आपल्या घरच्या लेकीसुना सुखरूप बाळंत होवोत, अशी प्रार्थना करून मी माझे मनोगत संपवतो.